मुसेम्बीबाबांची वही

उपेंदो हाउसच्या गेटवर मुसेम्बीबाबा होते तोवर यमालासुद्धा वर जायचं तर आधी वहीत नाव लिहावं लागलं असतं. नाव, ओळखपत्राचा नंबर, फोन नंबर, कोणाला भेटायचं, कशासाठी. पाच रकाने, कडेला येण्याजाण्याची वेळ, आणि एकही कोरा चालायचा नाही. दुसऱ्या मजल्यावर दातांचा डॉक्टर आहे. गाल धरून, डोळ्यांत पाणी आणून माणूस दारात उभा राहिला, तरी बाबा पेनच पुढे करायचे. म्हणायचे, "तोंड दुखतंय ना? मग बोलू नका, लिहा."

चौथ्या मजल्यावर रविवारी प्रार्थना भरते. तिथले बिशप तीन वर्षं दर रविवारी येत होते. बाबांना त्यांचं नाव पाठ, गाव पाठ, गाडीचा नंबर पाठ. तरी दर रविवारी वही पुढे. एकदा बिशप वैतागले आणि 'कोणाला भेटायचं' या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'देवाला'. बाबांनी वाचलं आणि शांतपणे विचारलं, "कितव्या मजल्यावर?" बिशपांनी खाली 'चौथ्या' असं लिहिलं, तेव्हा कुठे आत सोडलं.

मी वाइथेरा. गेटमधून आत शिरलं की डाव्या हाताला माझं दुकान. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि एक झेरॉक्स मशीन. आमच्या थिका शहरातल्या माणसाला जन्मल्यापासून मरेपर्यंत जेवढे अर्ज करावे लागतात, तेवढे सगळे मी भरून देते. मशीन जुनं आहे. प्रत्येक प्रतीवर डाव्या कडेला वरपासून खालपर्यंत एक काळी रेघ उमटते. गिऱ्हाईक कुरकुर करतं. मी सांगते, रेघ फुकट आहे, पैसे फक्त प्रतीचे घेते.

बाबा मूळचे म्बूनीच्या डोंगरातले. बायको कलुंडे तिकडे शेत सांभाळते, बाबा इकडे गेट. सुट्टीला गावी गेले की तिथल्या चर्चमध्ये दान गोळा करायची थैली यांच्या हातात असते, आणि त्या थैलीचा त्यांना जो अभिमान! "बावीस वर्षं झाली, एक नाणं इकडचं तिकडे नाही," हे वाक्य मी निदान दोनशे वेळा ऐकलंय. येत्या डिसेंबरात नोकरी संपवून कायमचं गावी जायचं, तिथल्या पुढच्या बाकावर बसायचं, एवढंच त्यांना हवं होतं.

माणूस संशयी, आणि संशयी तरी किती! ओळखपत्र प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून डाव्या मोज्यात ठेवायचे. फोन साधा, बटणांचा. त्यावरून पैसे पाठवताना गुप्त आकडा दाबायचा झाला, तर टोपी काढून फोनवर धरायचे आणि टोपीत तोंड घालून दाबायचे. तो आकडा कलुंडेलाही ठाऊक नाही. ती एकदा आली होती तेव्हा माझ्यासमोरच तिनं विचारलं, "तुम्ही मेल्यावर मी पैसे काढायचे कसे?" हे म्हणाले, "आधी मला मरू तर दे."

आणि हाच माणूस रोज पहाटे सहाला दहा कमी असताना यायचा आणि वहीची पहिली ओळ स्वतःच्या नावानं भरायचा. जोसफत मुसेम्बी क्यालो, ओळखपत्राचा नंबर, फोन नंबर, कोणाला भेटायचं: गेट, कशासाठी: पहारा. संध्याकाळी जाताना शेवटच्या ओळीत पुन्हा तेच. मालकानं असं सांगितलेलं नव्हतं. बाबांचाच नियम. "पहारेकरी आत येतो तेव्हा तोही आलेला माणूसच. त्याला सोडला तर उरलेल्यांना कुठल्या तोंडानं अडवू?" वही टेबलावर उघडी. बारावी ओळ लिहिणाऱ्यानं वरच्या अकरा जणांची सगळी कुंडली वाचावी.

मी कितीदा सांगितलं. "अहो बाबा, मोज्यात काय लपवताय? तेच इथे टेबलावर उघडं पडलंय."

"टेबलाशी मी बसलोय ना!"

"बसून वाचू देताय लोकांना."

"तुझं तू बघ गं. तुझ्या मशीनची रेघ पूस आधी." असलं उत्तर आलं की मी नाद सोडायची.

फेब्रुवारीत त्यांना ओळखपत्राची प्रत हवी होती. पहारेकऱ्यांच्या कंपनीला द्यायची होती. मोजा उतरवून, प्लॅस्टिक सोडून त्यांनी कार्ड काढलं, ते गरम होतं. मशीननं त्या दिवशी अंगात आल्यासारखं केलं. एक प्रत तिरकी, एक निम्मी, दोन फिकट. पाचवी एकदाची बरी आली. बाबा म्हणाले, "मी एकाचेच पैसे देणार." मी म्हटलं, शाई काय माझ्या बापाची आहे? त्यावरून पाच मिनिटं भांडलो, आणि शेवटी त्यांनी एकाचेच दिले. जाता जाता म्हणाले, "त्या बिघडलेल्या फाडून टाक." मी म्हटलं, "हो हो, फाडते. तुमच्या त्या फोटोवर कोण भाळतंय!" ते हसले नाहीत. ते कधीच हसत नाहीत. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि मी फॉर्मकडे वळले.

जूनमधली गोष्ट. सकाळचे अकरा वाजले असतील. गेटवर दोन माणसं आली. एक साध्या कपड्यातला उंच गडी, आणि त्याच्यामागे एक म्हातारी, डोक्याला फडकं, हातात छत्री. मी दारातच चहा पीत उभी होते, म्हणून सगळं ऐकलं.

तो गडी म्हणाला, "पोलीस. कॉर्पोरल रोतिच."

"लिहा," बाबा म्हणाले.

"अहो, पोलीस आहे मी."

"मग लिहिता येत असेलच. लिहा."

रोतिचसाहेबांनी जबडा आवळला, पण लिहिलं. नाव, नंबर, फोन. 'कोणाला भेटायचं' पाशी थांबून विचारलं, "इथे जोसफत मुसेम्बी क्यालो म्हणून कोणी काम करतो?"

"ते तिथेच लिहायचं असतं. नाव स्वच्छ काढा."

साहेबांनी नाव लिहिलं. 'कशासाठी' या रकान्यात लिहिलं, 'फसवणूक'. बाबांनी वही फिरवून घेतली, चष्मा लावला, बोट ठेवून ओळ वाचली. एकदा वाचली, दोनदा वाचली. मग मान वर केली. "हे तर मीच."

"चला मग," साहेब म्हणाले.

"थांबा. या बाईंचं लिहायचं राहिलंय."

म्हातारीनंही लिहिलं. तिचं नाव सिप्रोसा. तिला महिन्यापूर्वी फोन आला होता. गोड आवाजात कोणी म्हणालं, आई, माझ्या हातून चुकून तुमच्या फोनवर नऊ हजार शिलिंग आले, माझी बायको दवाखान्यात आहे, तेवढे परत पाठवता का? पैसे आल्याचा मेसेजही आला होता. तो खोटा. आजीनं शहानिशा न करता खरे नऊ हजार पाठवून दिले. गोठ्याच्या पत्र्यांचे पैसे होते ते. ज्या लाइनवर, म्हणजे फोन नंबरवर, गेले, ती लाइन बाबांच्या ओळखपत्रावर निघालेली होती.

आजीनं बाबांना खालून वर न्याहाळलं आणि म्हणाली, "साहेब, हा तो नव्हे."

"कशावरून?"

"त्याच्या जिभेवर साखर होती. हा माणूस तर बसा म्हणायलाही तयार नाही. अशानं फोन केला असता तर मी दातखीळ बसल्यासारखी गप्प राहिले असते, पैसे कुठले देते!"

"आवाज पुरावा होत नाही, आजी." साहेबांनी खिशातून कागद काढला. "ही लाइन चौदा मार्चला दुपारी मोम्बासात घेतलीय. घेणाऱ्यानं ओळखपत्राची झेरॉक्स दाखवली. दुकानदारानं नंबर उतरवून घेतला आणि कागद परत दिला, म्हणून आता कागद नाही. तुम्ही चौदा मार्चला कुठे होता, ते दाखवता येईल?"

बाबांचा चेहरा खुलला. गेटवरच्या बावीस वर्षांत पहिल्यांदा कोणी त्यांना त्यांच्या विषयातला प्रश्न विचारला होता. "का नाही? वहीत आहे! सकाळी सहाला दहा कमी, संध्याकाळी सहाला दहा जास्त. मधे पाहुणे, तेही माझ्या समोर लिहिलेले."

"छान. मग वही काढा."

बाबांचा हात टेबलाच्या खणाकडे गेला आणि तिथेच राहिला. टेबलावरची वही मे महिन्यापासूनची होती. जुनी खणात नव्हती.

"शुक्रवारपर्यंत आणून देतो," ते म्हणाले. आवाज नेहमीचा नव्हता.

"शुक्रवारी नाही आणलीत तर तुम्हालाच घेऊन जावं लागेल," साहेब म्हणाले. जाताना त्यांनी आपण होऊन जाण्याची वेळ लिहिली.

बाबा गेट सोडून माझ्या दुकानात आले, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. स्टुलावर बसले. चहा पुढे केला, तो तसाच राहिला. "वाइथेरा, मला काही सुधरत नाही," म्हणाले. "चोर म्हणून गावी कसा जाऊ? ती थैली कोण देईल माझ्या हातात?"

मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण खरं सांगते, थोडं बरंही वाटलं. इतकी वर्षं मी सांगत होते ना! माणसाला आपलं खरं ठरल्याचा आनंद लपवता येत नाही. मी बाह्या सरसावल्या आणि लागले कामाला. पहिलं म्हणजे त्यांच्या फोनवरून एक छोटा नंबर लावला. तो लावला की आपल्या ओळखपत्रावर किती लाइनी चालू आहेत ते कळतं. उत्तर आलं: सहा.

"माझी एक आहे," बाबा म्हणाले.

"उरलेल्या पाच वापरतंय कोणीतरी तुमच्या नावानं. उठा."

फोन कंपनीच्या खिडकीत नेलं. पाचही बंद करायला लावल्या आणि बंद केल्याचा कागद शिक्का मारून घेतला. तिथून पोलीस ठाण्यात, 'माझं ओळखपत्र भलत्याच कोणी वापरलंय' अशी आपण होऊन तक्रार, तिची पावती. कर्जाची नोंद ठेवतात तिथे चौकशी, कुठे यांच्या नावावर उचल केलेली नाही ना. नव्हती. मग गुप्त आकडा बदलायचा. तो बदलताना बाबांनी पुन्हा टोपी काढली. मी म्हटलं, "बाबा, टोपीचं काम संपलं आता." पण त्यांनी टोपी धरलीच.

परतताना विचारलं, "आता वही. मार्चची वही आहे कुठे?"

त्यांनी आधी रस्ता ओलांडला. मग म्हणाले, "करीसच्या आईकडे."

करीसची आई म्हणजे आमच्या गेटबाहेर शेगडी मांडून शेंगदाणे भाजणारी बाई. माझ्या डोक्यात उजेड पडायला वेळ लागला नाही. भरलेल्या वह्या पूर्वी तळघरात ठेवायचे. दोन वर्षांपूर्वी मॅनेजर ओगुटूंनी तळघर पार्लरवालीला भाड्यानं दिलं आणि बाबांना सांगितलं, "ही सगळी रद्दी इथून हलवा." बाबांनी हलवली. तेव्हापासून वही भरली की करीसच्या आईकडे. ती पानं फाडून पुड्या बांधायची, आणि बदल्यात बाबांना रोज दुपारी एक पुडी फुकट.

मी रस्त्यातच कपाळाला हात लावला. "म्हणजे बिशपांपासून सगळ्यांचे नंबर अडवून अडवून लिहून घेतलेत नि शेंगदाण्यांच्या पुडीतून गावभर वाटलेत! शाबास! दारात कुलूप नि भिंतच नाही मागे!"

"नियमात वही भरायचं होतं," बाबा पुटपुटले. "भरल्यावर काय करायचं, ते कोणी सांगितलं नव्हतं."

गुरुवारी दुपारी आम्ही करीसच्या आईकडे गेलो. ती जाड, हसरी बाई. रद्दीचं पोतं तिनं आमच्यापुढे ओतलं. "बघा काय हवंय ते. पण शेगडी पाडू नका."

पोत्यात सगळ्या इमारतीचे कागद होते. वकिलाचे, दातवाल्याचे, पार्लरचे, माझेसुद्धा. मी एका बाजूनं लागले, बाबा दुसऱ्या. बाबा प्रत्येक पान सरळ करायचे, तारीख वाचायचे, बाजूला रचायचे. मध्येच एका कागदापाशी थांबले. मी म्हटलं, "सापडलं?" "नाही," म्हणाले आणि मोजा वर ओढून पुन्हा कामाला लागले. म्हाताऱ्या माणसाचा मोजा सरकतोच, मी लक्ष दिलं नाही.

तासाभरानं चौदा मार्च सापडला. पण अर्धाच. वरचा भाग होता, पहिल्या ओळीत बाबांचं नाव, सहाला दहा कमी. खालचा भाग फाडलेला. मी म्हटलं, चालेल. बाबा म्हणाले, "नाही चालणार. सकाळी होतो एवढंच कळतं. दुपारी मोम्बासात नव्हतो कशावरून?"

"पहारेकऱ्याच्या पगारात विमानानं गेलात होय?"

"पुरावा म्हणजे पुरावा."

करीसची आई म्हणाली, "खालच्या अर्ध्या पानांत मी आजच पुड्या बांधल्यात." आणि तिनं परातीकडे बोट दाखवलं. परातीत चाळीसेक भरलेल्या पुड्या उभ्या होत्या. "उघडायच्या असतील तर विकत घ्या बाई. मी काय धर्मादाय बसलेय?"

आम्ही एकेक पुडी घेतली, दाणे माझ्या ओच्यात ओतले, कागद उलगडला. ओचा भरला. रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली. तेविसाव्या पुडीत सापडलं. मिठानं खरखरीत झालेलं, तेलाचा डाग पडलेलं, पण अक्षर बाबांचंच. शेवटची ओळ: सहाला दहा जास्त. वरच्या फाटक्या कडेला लावून पाहिलं तर तंतोतंत जुळलं. बाबांनी दोन्ही तुकडे छातीशी धरले. डोळे पुसले आणि म्हणाले, "धूर फार करते ही बाई."

शुक्रवारी मी त्यांच्याबरोबर ठाण्यात गेले, कारण जबाब मीच टाइप करून नेला होता. सिप्रोसा आजीही आली होती. रोतिचसाहेबांनी दोन तुकडे जोडून बघितले, त्यावरच्या दुपारच्या दोन पाहुण्यांना फोन लावले. एक दातवाल्याचा पेशंट निघाला. तो म्हणाला, हो, तीन वाजता गेटवर एका म्हाताऱ्यानं माझा जीव खाल्ला होता. साहेबांना एवढं पुरलं. उरलेले दाणे मी पिशवीतून नेले होते, ते साहेब मूठमूठ खात होते.

"तुमच्यावरचं मिटलं," साहेब म्हणाले. "एकच राहिलं. त्या मोम्बासावाल्याकडे तुमच्या ओळखपत्राची झेरॉक्स गेली कशी? वहीत तर नुसते नंबर असतात."

बाबा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. मग म्हणाले, "एक झेरॉक्स मी वहीत ठेवलेली होती. वहीबरोबर गेली. वह्या मीच विकल्या. लिहून घ्या."

मला वाटलं, उठून एक रट्टा द्यावा! माणूस सुटत होता, आणि स्वतःच्या तोंडानं स्वतःला खड्ड्यात घालत होता. बाहेर आल्यावर मी तोंड सोडलं. "झेरॉक्स वहीत ठेवायची अक्कल कोणी दिली तुम्हाला? मोज्यात जागा उरली नव्हती?" बाबांनी नुसती टोपी सरळ केली. सिप्रोसा आजी मात्र म्हणाली, "पोरी, ओरडू नकोस. माझे नऊ हजार गेले, तरी मी ओरडत नाहीये."

तिचे पैसे काही परत आले नाहीत. चोरही अजून सापडलेला नाही. सापडले ते फक्त बाबा.

जबाबाचा कागद फिरत फिरत मॅनेजर ओगुटूंकडे आला. पाहुण्यांची खाजगी माहिती शेंगदाण्यांच्या पुडीत विकली, इमारतीची अब्रू गेली, मालक काय म्हणतील! मी मधे पडले. म्हटलं, "साहेब, रद्दी हलवा असं तुम्हीच म्हणाला होतात." ओगुटू म्हणाले, "रद्दी म्हणालो होतो. वही नव्हतो म्हणालो." बाबांना महिनाअखेरीला घरी जायला सांगितलं. डिसेंबरला सहा महिने बाकी होते. बाबांनी मान हलवली आणि उरलेले दिवस पूर्वीसारखेच वही पुढे करत बसले.

इकडे माझं मात्र बरं चाललं. गोष्ट थिकाभर झाली होती. लोक विचारायला यायला लागले, आमच्या नावावर किती लाइनी आहेत बघ गं. मी भिंतीवर मोठा कागद लावला. 'तुमची ओळख चोरीला गेलीय का? सल्ला पन्नास शिलिंग.' खाली चार नियम, मोठ्या अक्षरांत. गुप्त आकडा आणि फोनवर आलेला कोड कोणालाही सांगू नका, आईलाही. आपल्या नावावर किती लाइनी आहेत ते दर महिन्याला तपासा. परकी लाइन दिसली तर त्याच दिवशी बंद करा, तक्रार करा, पावती घ्या. चुकून आले म्हणून कोणी पैसे मागितले तर आधी शिल्लक बघा. लोक वाचायचे आणि म्हणायचे, वाइथेरा, तुला किती गं माहिती. मी म्हणायचे, काय करणार, आजूबाजूला अडाण्यांचा बाजार.

महिना संपला. पुढच्या सोमवारी नवी पहारेकरीण आली, चटपटीत मुलगी, कंपनीचा कडक युनिफॉर्म. टेबल तेच, वही तीच. दहा वाजता बाबा आले, अंगात रविवारचा कोट, हातात गावी न्यायची बॅग. तिनं पेन पुढे केलं. "बाबा, नाव लिहा."

मी दारातून ओरडले, "अगं, हे बावीस वर्षं तिथे बसत होते!"

"बरोबर आहे तिचं," बाबा म्हणाले आणि वाकून पाचही रकाने भरले.

दुकानात आले. स्टुलावर न बसता भिंतीवरचा कागद बोट ठेवून शेवटपर्यंत वाचला. "चांगलं लिहिलंयस. एक राहिलंय."

"काय राहिलं?"

त्यांनी वाकून डावा मोजा खाली केला, प्लॅस्टिक काढलं आणि त्यातून एक चुरगळलेला कागद माझ्या टेबलावर सरळ केला. घडीच्या खुणा होत्या, मिठाचे कण होते. फोटो तिरका आलेला. बाबांचाच फोटो, बाबांचंच कार्ड. आणि डाव्या कडेला, वरपासून खालपर्यंत, काळी रेघ.

माझी कचऱ्याची टोपली करीसची आई दर शुक्रवारी रिकामी करून नेते. मीच सांगितलंय तिला तसं.

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. मी कागद उलटसुलट करून पाहिला. शेवटी म्हटलं, "पोत्यात सापडला?"

"हं."

"मग ठाण्यात का नाही दाखवलात? वहीत ठेवली होती म्हणून खोटं का सांगितलंत? तुम्ही खोटं बोललात बाबा!"

"एकदाच बोललो." त्यांनी प्लॅस्टिकची घडी घातली. "ओगुटूला तुझं दुकान त्या पार्लरवालीला द्यायचंय, ते सगळ्या इमारतीला ठाऊक आहे. त्याला निमित्त मिळालं असतं. माझी खुर्ची काय, डिसेंबरात जाणारच होती."

"पण बाबा, चूक माझी..."

"मी 'फाड' म्हणालो आणि पाठ फिरवली. उभं राहून बघायला हवं होतं. पहारेकरी होतो मी." मोजा वर ओढून ते उठले. बॅग उचलली. दारात थांबून म्हणाले, "वाइथेरा, त्या दिवशी चार बिघडल्या होत्या. एक मोम्बासाला गेली. एक ही. उरलेल्या दोन बघ."

गेटवर थांबून त्यांनी जाण्याची वेळ लिहिली आणि म्बूनीच्या बसकडे निघाले. ते गेल्यावर मी जाऊन वही बघितली. कोणाला भेटायचं: वाइथेरा. कशासाठी: कागद परत देणे.

भिंतीवरचा तो कागद मी त्याच दुपारी काढला. फाडला, चांगले सोळा तुकडे केले. आता टोपलीला मी काडी लावते, रोज, मागच्या अंगणात, आणि सगळं जळेपर्यंत उभी राहते.

आणि रोज दुपारी करीसच्या आईकडून शेंगदाणे घेते, पाच पुड्या, कधी सहा. मला शेंगदाणे सोसत नाहीत, पित्त होतं. दाणे गिऱ्हाइकांना देते. पुड्या उलगडून बघते. दोन प्रती अजून मिळालेल्या नाहीत.